नर्सबाईचा स्टोव्ह

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव. जानेवारी महिना, संक्रांत होऊन चार दिवस झालेले. मंगळवार. थंडी कडक. मुरगूडच्या पलीकडं आमचं गाव. गावात गुऱ्हाळं पेटली होती आणि दवाखान्यात मी पेटलो होतो.

मी स्टोव्ह. पितळी, तीन पायांचा, पंपाचा. सतरा वर्षं माझ्यावर टोचायच्या सुया उकळल्या. मी शाळा शिकलेलो नाही. पाहिलं ते सांगतो. गोड बोलता येत नाही, आणि आता या वयात शिकणारही नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. हातोड्याचे ठोके आठवतात. डोळे उघडले ते कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात. एके दिवशी तिथं एक उंच, रापलेला माणूस आला. आकाराम कांबळे. कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात पोती उचलायचा. त्याची लेक ललिता नर्सिंग शिकून पहिल्या नोकरीवर निघाली होती. आकारामनं दुकानदाराला एकामागून एक अकरा स्टोव्ह पेटवायला लावले. दुकानदार वैतागला. बारावा मी. एका काडीत पेटलो. ज्योत निळी.

“ह्योच,” आकाराम म्हणाला. मग लेकीकडं वळला. “बाई, ह्यो संगं ठेव. परक्या गावात कुणाच्या चुलीकडं बघायचं न्हाय.”

दवाखान्याला सरकारी स्टोव्ह यायचा होता. तो आलाच नाही. मग ललिताबाईनं स्वतःचा स्टोव्ह, म्हणजे मला, टेबलावर नेऊन ठेवलं. सकाळी सुया, संध्याकाळी तिची भाकरी-आमटी.

तेव्हा सिरिंज काचेची असायची. स्टीलच्या डब्यात सिरिंज आणि सुया घालायच्या, पाणी ओतायचं आणि वीस मिनिटं उकळायचं. सुई टोचायला क्षण लागतो. भ्यायला वीस मिनिटं मिळायची. त्या वीस मिनिटांत मी सगळं गाव पाहिलं.

मोठमोठी माणसं पाचदा लघवीला जायची. कुणाला एकदम आठवायचं की बैल उन्हात बांधलाय. कुणी इतकं बोलायचं की माझाही आवाज ऐकू येऊ नये. कुणी मुकं व्हायचं आणि बाकाची कड घट्ट धरून बसायचं. त्या बाकाची कड हातांच्या घामानं काळी पडली होती.

भीतीचा मला राग नव्हता. भीती सगळ्यांना असते. राग होता तो त्यांच्या तोंडाचा. घरात पोरगं रडलं की आई म्हणायची, “गप बस, न्हायतर नर्सबाईचा स्टोव पेटवायला सांगतो.” जेवत नाही, नर्सबाईची सुई. झोपत नाही, नर्सबाईची सुई. अशी वर्षभर भीती घालायची आणि लस द्यायच्या दिवशी त्याच पोराला काखेत मारून आणायचं, वर सांगायचं, “काय दुखत न्हाय, मुंगी चावल्यागत होतंय.” पोरगं काय समजणार? माझा भर्र आवाज झाला की पोरं उसात पळायची. दोष माझा? मी पाणी उकळत होतो.

आणि एक सांगतो. बर्नरमध्ये काजळी बसली की मलाही पिन टोचतात. रोज. मला कुणी मुंगीची गोष्ट सांगितली नाही. मी ओरडलो नाही.

दुसरा राग याहून जुना आहे. टोचून झालं की ललिताबाई माणसाला थोडा वेळ बसवायची. कुणाला घेरी आली, कुणाचे पाय लटपटले, की माझ्यावर चहा ठेवायची, साखर जास्त घालून. माणूस कपाकडं बघायचा आणि म्हणायचा, “नको बाई, पित्त हाय.” दुसरा आला, त्यालाही पित्त. तिसऱ्याला पित्त. सगळ्या गावाला पित्त. हीच माणसं चौकातल्या हॉटेलात दिवसाला सहा कप चहा ढोसायची. ललिताबाई बौद्ध होती, आणि तिच्या हातच्या चहाचंच त्यांना पित्त व्हायचं. माझ्यावर उकळलेली सुई अंगात चालायची. माझ्यावर उकळलेला चहा चालायचा नाही.

ललिताबाई तो कप मोरीत ओतायची. बोलायची काही नाही. ती बोलायची नाही म्हणून मला दुप्पट भडकावं लागायचं.

तर तो मंगळवार. कृष्णात चौगले धावत दवाखान्यात आला. खांद्यावर त्याची सहा वर्षांची लेक, स्नेहल. मागून त्याची आई धोंडुबाई, ऊर बडवत. कृष्णात म्हणजे गावातला मोठा आवाज. स्वतःचं गुऱ्हाळ, सहा म्हशी. त्याच्या गुऱ्हाळाजवळ पिसाळलेलं कुत्रं आलं आणि लेकीच्या अंगावर धावलं. यानं तिला मागं ओढलं आणि स्वतः मध्ये पडला. कुत्र्यानं त्याची पोटरी फाडली. लेकीच्या दंडावरही दोन दात उमटले. तो कुत्र्याला भ्याला नाही, एवढं मी मानतो. जे खरं ते खरं.

जखमा लालभडक होत्या.

“यात मिरची कुणी भरली?” ललिताबाईनं विचारलं.

“म्या,” धोंडुबाई म्हणाली. “आमच्यात तसंच करत्यात.”

ललिताबाईनं साबण घेतला आणि बादल्यांवर बादल्या ओतून दोघांच्या जखमा पाव तास धुतल्या. त्या दिवशी डॉक्टर होते. त्यांनी कागदावर लिहिलं. चौदा. रोज एक. पोटात. बापाला चौदा, लेकीला चौदा. तेव्हा कुत्रं चावल्यावर तशाच सुया घ्याव्या लागत.

“चौदा?” कृष्णातचा आवाज एवढासा झाला. “पोटात?”

“एकही चुकवायची नाही,” ललिताबाई म्हणाली. “सयाजी गवंडी आठवतोय का?”

सगळ्यांना आठवत होता. मलाही. पाच वर्षांपूर्वी सयाजीला कुत्रं चावलं. तीन सुया घेतल्या, चौथीला भिऊन घरी बसला. दोन महिन्यांनी त्याला याच बाकावर आणलं. पाण्याचा तांब्या पाहिला की त्याचा गळा आवळायचा. पुढचं मी सांगणार नाही.

मला पेटवलं. माझा आवाज झाला तशी स्नेहल किंचाळली आणि दाराकडं पळाली.

“तुला न्हाय गं टोचत,” कृष्णात तिला धरून म्हणाला. “मलाच टोचत्यात. तू नुसतं बग. मग जिलेबी खायाला मुरगूडला जाऊ.”

वीस मिनिटांनी तिघांनी मिळून तिला बाकावर दाबून धरलं. सुई टोचून झाली तरी ती थांबेना. पण ती सुईसाठी रडत नव्हती. बापाकडं बोट करून रडत होती. “आप्पा, तुम्ही खोटं बोललासा! तुम्ही खोटं बोललासा!”

मग बापाची पाळी. सदरा वर केला, सुई पाहिली आणि गडी भिंतीवरून घसरत खाली बसला. डोळे पांढरे. ललिताबाईनं तसंच टोचलं, तोंडावर पाणी मारलं आणि माझ्यावर चहा ठेवला.

“त्याला चहा चालत न्हाय, बाई,” धोंडुबाई म्हणाली. “पित्त हाय त्याला.”

लेक बेशुद्ध पडलाय आणि म्हातारीला आधी त्याचं पित्त आठवलं. कप मोरीत गेला.

दुसऱ्या दिवशी स्नेहलला फरपटत आणलं. ललिताबाईनं सगळ्यांना बाजूला केलं. मला अजून पेटवलं नव्हतं. तिनं पोरीला माझ्यासमोर बसवलं आणि तिच्या हातात पिन दिली.

“ह्याला टोच. इथं, वरच्या भोकात.”

पोरीनं टोचलं.

“रडला का?”

“न्हाय.”

“दुखलं असेल का गं त्याला?”

स्नेहलनं मान वाकडी करून माझ्याकडं नीट पाहिलं. “असंल की,” ती म्हणाली. “त्यो बोलत न्हाय.”

आठ वर्षांत पहिल्यांदा कुणी माझा विचार केला. त्या दिवशी मी ज्योत निळी दिली.

“आता ऐक,” ललिताबाई म्हणाली. “तुलाबी दुखणार. खोटं सांगत नाही. एकापासून दहापर्यंत मोजायला लागतंय तेवढा वेळ दुखणार, मग कमी होणार. मोजायचं तू. रडायचं असलं तर रड, पण मोजत रड.”

मग ती बापाकडं वळली. “कृष्णातदादा, तुम्ही स्टोव्ह पेटवा.”

“मी?”

“वीस मिनिटं बसून भिताय, त्यापेक्षा पंप मारा.”

त्यानं काकडा रॉकेलमध्ये बुडवला, बर्नर तापवला, स्क्रू आवळला. हात थरथरत होता, पण पंप मारला. दहा, वीस, तीस. पंपाला हात गुंतला की थरथर कमी होते, हे मी त्या खोलीत शेकडो वेळा पाहिलंय. पंप मारून झाल्यावर त्यानं दोन्ही हात पँटीला पुसले. घासून पुसले. रॉकेल लागलं होतं म्हणून नव्हे. मला कळलं.

स्नेहल रडली आणि मोजत रडली. तिसऱ्या दिवशी “आठातच कमी झालं,” म्हणाली. चौथ्या दिवशी स्वतः चालत आली आणि माझी पिन मागितली. कृष्णात पंप मारत होता, डोळे मिटून सुई घेत होता आणि चहाला पित्त सांगून जात होता. दरम्यान ते कुत्रं उसात मरून पडलेलं सापडलं. म्हणजे शंकाच उरली नाही.

पाचव्या दिवशी स्नेहल आजीबरोबर आली. कृष्णात नाही.

“कुठं गेले?” ललिताबाईनं विचारलं.

“कामाला गेलाय,” धोंडुबाई म्हणाली.

“खोटं,” स्नेहल म्हणाली. “आप्पा पाला खायाला गेल्यात.”

गडहिंग्लजच्या बाजूला एक माणूस कुत्र्याचं औषध द्यायचा. कसला तरी पाला वाटून गुळात कालवायचा. एकदाच खायचा, सुया बंद. अशा माणसांचा धंदा भीतीवर चालतो. सयाजीनंही तोच पाला खाल्ला होता.

ललिताबाईनं पोरीची सुई उरकली. नवी सुई डब्यात घातली, औषधाची बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवली. मग मला उचललं. मी अजून गरम होतो. तिनं पदराचं टोक हाताला गुंडाळलं आणि निघाली. पुढं स्नेहल, मध्ये ती, मागं “बाई, अवो बाई” करत धोंडुबाई.

कृष्णातच्या गुऱ्हाळात काम जोरात होतं. मोठ्या काहिलीत रस उकळत होता. खाली चुलवाण धडधडत होतं. त्याच्यापुढं मी म्हणजे काडी. तरी मी दबलो नाही. त्याच्या जाळावर गूळ होतो. माझ्यावर माणूस वाचतो.

कृष्णात पिळलेल्या उसाच्या चिपाडांच्या ढिगाआड बसला होता. ललिताबाईला पाहून उठला, पुन्हा बसला. कामगार बघायला लागले.

“आज दवाखाना इथं,” ती म्हणाली आणि मला जमिनीवर ठेवलं. “पंप मारा.”

“बाई, पाला खाल्लाय मी. आता गरज न्हाय.”

“सयाजीनंबी खाल्लावता.”

कृष्णातनं एक चिपाड उचललं आणि मोडलं.

“भ्या वाटतंय, असं म्हणा की,” ती म्हणाली. “त्यात लाज कसली? मलाबी टोचून घ्यायचं भ्या वाटतंय. नर्स हाय मी, तरीबी मोजते.”

गडी मान खाली घालून बसला. चिपाडं उचलणारा एक जण खुदकन हसला. तेव्हा स्नेहल पुढं आली. बापाचा हात धरला आणि माझ्या पंपावर नेऊन ठेवला.

“मारा आप्पा. मी मोजतो तुमच्यासाठनं.”

त्यानं पंप मारला. वीस मिनिटं चुलवाणाजवळ तो घाम पुसत बसला आणि एकदाही उठला नाही. सुई घेताना सहा वर्षांची पोर मोठ्यानं मोजत होती. एक, दोन, तीन. कामगारही मोजायला लागले. दहाला कृष्णातनं डोळे उघडले.

गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस दिल्याशिवाय सोडत नाहीत. कृष्णातनं पेला भरून आणला.

“रस मी घेते,” ललिताबाई म्हणाली. “तुम्ही उद्या चहा घ्याल?”

त्यानं आईकडं पाहिलं. मग जमिनीकडं.

“पित्त हाय, बाई.”

तिनं पेला खाली ठेवला. मी त्या वेळी विझलेलो होतो, नाहीतर भडकलो असतो.

नऊ दिवस आणखी गेले. चौदा पुरे झाले, बापाचे आणि लेकीचे. शेवटच्या दिवशी कृष्णात हात जोडून उभा राहिला. “बाई, लई उपकार झालं. काय देऊ सांगा. गुळाची ढेप पाठवू?”

“ढेप नको,” ती म्हणाली. “चौदा दिवस मी तुमच्याजवळ बसलेय. ते चौदा दिवस तुम्ही माझं देणं लागताय. पुढं कुणी असाच भिऊन आला, तर येऊन त्याच्याजवळ बसायचं. चौदा दिवस. आणि खरं ते सांगायचं.”

“देतो की, बाई. शब्द हाय माझा.”

नऊ वर्षं. नऊ वर्षं त्या शब्दाचं काय झालं ते ऐका.

चार माणसांना कुत्री चावली. चारही वेळा ललिताबाईनं निरोप धाडला. एकदा उसाला पाणी होतं. एकदा म्हैस व्याली होती. एकदा आईचा गुडघा. चौथ्या वेळी त्यानं कारणही सांगितलं नाही. आणि चौकात बसून हा काय सांगायचा? “चौदा सुया घेतल्या पोटात, पण एक बी डोळा मिटला न्हाय.” एवढ्यावर थांबला असता तर चाललं असतं. भावकीतलं पोर रडलं की हाच म्हणायचा, “गप, न्हायतर नर्सबाईकडं नेतो.” ज्याच्या लेकीनं पिन हातात घेऊन भीती मोडली, तोच दुसऱ्याच्या लेकरांना भीती घालत होता.

ही सगळी बातमी मला स्नेहलमुळं कळायची. ती शाळा सुटली की ललिताबाईकडं यायची. माझ्यावरचा चहा प्यायची. तिला कधी पित्त झालं नाही.

आज मी कसबा बावड्यात आहे, ललिताबाईच्या घरी, कपाटावर. प्लॅस्टिकच्या सुया आल्या. एकदा वापरायच्या आणि टाकायच्या. उकळायचं काम गेलं. पोटातल्या चौदाही गेल्या, आता दंडात थोडक्यात भागतं. बरं झालं. माझी गरज संपली याचा मला राग नाही. राग याचा की सुया बदलल्या आणि तुमची तोंडं तीच राहिली. खिडकीतून रस्ता दिसतो. अजून ऐकू येतं, “गप बस, डॉक्टरकडं नेऊन टोचायला लावीन.” लोकहो, विनंती मला येत नाही, मी बजावतोय. पोरांना सुईची भीती घालू नका. दुखत नाही म्हणून सांगू नका. दुखतं. दहा मोजेपर्यंत दुखतं. एवढं खरं बोलायला तुमचं काय जातं?

एक सांगायचं राहिलं.

दोन हजार तीन. एप्रिल. ऊन असं की पितळ हाताला लागू नये. आकाराम कांबळे, ज्यानं मला लक्ष्मीपुरीत निवडलं, तो म्हातारा होऊन लेकीकडं राहायला आला होता. दवाखान्यामागच्या खोलीत. एका सकाळी तो अंगणात बसला होता, आणि वाटेवरून आलेल्या कुत्र्यानं त्याच्या हाताला चावा घेतला. कुत्र्याच्या तोंडाला फेस होता.

ललिताबाईनं हात धुतला. शहरात प्लॅस्टिकच्या सुया होत्या, आमच्याकडं अजून मीच होतो आणि पोटातल्या चौदाच होत्या. तिनं मला पेटवलं. माझा आवाज ऐकला आणि आकारामनं बाकाची कड धरली. पोत्यांखाली ज्याची पाठ वाकली नाही, त्याच्या कपाळावर घाम फुटला.

“नको मला,” तो म्हणाला. “वय झालं माझं. जगायचं तेवढं जगलो.”

“आबा, दुखणार. पण दहा मोजा. मी हाय इथं.”

“मला शिकवू नगंस.”

“आबा, पंप तरी मारा.”

“नको म्हटलं की!”

आयुष्यभर लोकांना धीर दिला, पण समोर बाप बसल्यावर तिला टोचवेना. सिरिंज तिनं परत डब्यात ठेवली. माझ्यावर पाणी आटत होतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. म्हातारा ऐकणार नाही, हे तिला कळत होतं आणि मलाही. सयाजी आम्ही दोघांनी पाहिला होता.

दारात स्नेहल होती. पंधरा वर्षांची झालेली. तिनं सगळं ऐकलं आणि काही न बोलता पळाली. थोड्या वेळानं आली ती बापाला घेऊन. बोलवायला ती डेअरीत गेली होती आणि तिथं सगळ्या रांगेसमोर तिनं विचारलं होतं, “आप्पा, तुम्ही पळून गेलता, मी बसलो होतो. आता परत पळताय काय?” हे मागून आलेली माणसं हसत सांगत होती, त्यावरून मला कळलं.

कृष्णातचे केस पिकले होते. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. खाली माझ्याजवळ बसला आणि पंप मारायला लागला. या वेळी हात पुसले नाहीत.

“ह्यो कोण?” आकारामनं विचारलं.

“मी कृष्णात चौगले, आबा. चौदा घेतल्यात मी. ह्याच खोलीत.”

“मग? दुखत न्हाय म्हणून सांगाय आलास?”

“दुखतंय,” कृष्णात म्हणाला. त्याचा आवाज मोठाच होता, दारातल्या सगळ्यांना ऐकू गेला. “लई दुखतंय. पहिल्या दिवशी मी घेरी येऊन पडलो. पाचव्या दिवशी पळून गेलो. पाला खाऊन चिपाडात लपलो. तुमच्या लेकीनं येऊन टोचलं आणि माझ्या पोरीनं मोजलं. नऊ वर्षं मी गावाला खोटं सांगितलं.”

आकारामनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“चौगले. म्हणजे त्यो पित्तवाला?”

स्नेहल फस्सकन हसली. बाकी कुणी हसलं नाही.

“माझी लेक सतरा वर्षं हितं हाय,” म्हातारा म्हणाला. “गावाला तिच्या हातची सुई चालती. चहा चालत न्हाय. मग मी का घेऊ सुई? मलाबी पित्त हाय.”

कृष्णातनं पंप मारायचं थांबवलं.

“बाई,” तो म्हणाला, “सुया उकळल्या की चहा ठेवा. मला.”

“एका कपात भागायचं न्हाय,” आकाराम म्हणाला. “रोज तू एक पी, मी एक घेतो. चौदा.”

“चौदा,” कृष्णात म्हणाला.

वीस मिनिटं झाली. डबा उतरला, पातेलं चढलं. ललिताबाईनं साखर जास्त घातली. दारातली माणसं मान लांब करून बघत होती. कृष्णातनं कप दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला. चहा कढत होता. त्याची जीभ भाजली असणार. तो थांबला नाही.

आकारामनं सदरा वर केला. “मोज,” तो कृष्णातला म्हणाला.

कृष्णातनं दहापर्यंत मोजलं.

तिसऱ्या दिवशी धोंडुबाई काठी टेकत दारात आली. “पित्त उठंल रं,” ती म्हणाली.

“उठू दे,” तो म्हणाला आणि कप पुढं केला.

तो रोज आला. पंप मारला, जवळ बसला, मोजलं. एकदा डेअरीतले दोघं बाकावर येऊन बसले आणि कुणी न विचारता चहा प्यायले. आठव्या दिवशी आकारामला ताप होता, तर त्यानं उशाला बसून मोजलं. अकराव्या दिवशी एक आई लेकराला लस द्यायला आली आणि म्हणाली, “काय दुखत न्हाय बग.” कृष्णात खेकसला, “दुखतंय. खरं सांगा की त्याला.”

चौदाव्या दिवशी आकारामनं शेवटची सुई घेतली आणि सदरा खाली केला. कृष्णातनं शेवटचा कप रिकामा केला, विसळला आणि बाकावर उपडा ठेवला. मग वाकून माझा स्क्रू सैल केला. हवा सुटली. खोली शांत झाली.

“फिटलं,” ललिताबाई म्हणाली.